रस्ता कोणी खाल्ला?

(अवजड वाहनांमुळे होणारी रस्त्याची झीज आणि तिची किंमत)

मागच्या फेब्रुवारीत चार दिवस घरी गेलो होतो. आमचे गाव शहादा तालुक्यात, मोठ्या रस्त्याच्या फाट्यापासून सहा किलोमीटर आत. तीन वर्षांपूर्वी हा सहा किलोमीटरचा रस्ता नवा झाला तेव्हा गावाने नारळ फोडला होता, पेढे वाटले होते. आता त्याच रस्त्यावर दोन्ही चाकोऱ्या वीतभर खचलेल्या, मधला भाग उंटाच्या पाठीसारखा वर आलेला, आणि कडा तर कुठे दिसतच नव्हत्या. गावात येणारी बस फाट्यावरूनच परत फिरायला लागली होती. माझी धाकटी बहीण अकरावी सायन्सला आहे. ती कधी कोणाच्या मोटारसायकलवर, कधी दुधाच्या गाडीत, तर कधी पायी फाट्यावर जायची. दोन प्रॅक्टिकल बुडाले होते. आई म्हणायला लागली होती, "राहू दे कॉलेज, बाहेरून परीक्षा दे."

रात्री जेवताना आप्पा (म्हणजे माझे वडील) म्हणाले, "तू सिव्हिलला आहेस ना? मग सांग बरं, आमचा रस्ता कोणी खाल्ला? ठेकेदाराने की पावसाने?"

मी लगेच तोंड उघडले, पण उत्तर काही आले नाही. कारण त्याच वेळी घरासमोरून उसाने भरलेली डबल ट्रॉली डुलत डुलत गेली, खिडकीची तावदाने थरथरली, आणि माझ्या लक्षात आले की त्या ट्रॉलीत आमचाच ऊस होता.

मित्रांनो, त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे शिकलो ते या लेखात मांडतो आहे. ट्रान्स्पोर्टेशनच्या पेपरलाही उपयोगी पडेल, ते वेगळेच.

सैनिकांनी चालवलेले ट्रक

गाडीच्या वजनाने रस्ता झिजतो हे कोणीही सांगेल. पण किती वजनाने किती झिजतो? या प्रश्नाचे सर्वांत मोठे उत्तर अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मिळाले. 'आशो रोड टेस्ट' हे नाव आपण पुस्तकात वाचतो आणि पान उलटतो. पण हा प्रयोग खरोखर वाचण्यासारखा आहे. २ कोटी ७० लाख डॉलर खर्च करून सहा लूप, म्हणजे सहा बंदिस्त फेऱ्यांचे रस्ते बांधले. त्यात वेगवेगळ्या जाडीचे ८३६ तुकडे होते, काही डांबरी, काही काँक्रीटचे. १९५८ च्या ऑक्टोबरपासून १९६० च्या नोव्हेंबरपर्यंत लष्कराचे सैनिक त्यांवर ट्रक फिरवत राहिले. ११ लाखांहून अधिक वेळा ॲक्सलचा भार त्या रस्त्यांवरून गेला.

यातली एक हुशारी मला फार आवडली. सहापैकी पहिल्या लूपवर ट्रकची वाहतूक सोडलीच नाही. का? तर ऊन, पाऊस आणि बर्फ यांनी एकट्याने रस्ता किती खराब होतो ते वेगळे कळावे म्हणून. आप्पांच्या "ठेकेदार की पाऊस" या प्रश्नाचा अर्धा भाग या मंडळींनी तेव्हाच ओळखला होता.

प्रयोगातून निघालेला निष्कर्ष थोडक्यात असा: रस्त्याचे नुकसान ॲक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. यालाच आपण 'चौथ्या घाताचा नियम' म्हणतो. भार दुप्पट झाला की नुकसान दुप्पट होत नाही. २ गुणिले २ गुणिले २ गुणिले २, म्हणजे सोळा पट होते.

येथे 'नुकसान' म्हणजे खडी उडून जाणे नव्हे. रस्त्याचे आयुष्य म्हणजे बँकेतली ठेव समजा. प्रत्येक ॲक्सल त्यातून थोडी रक्कम काढून घेतो. हलका ॲक्सल नया पैसा काढतो, जड ॲक्सल नोटांचे बंडल उचलतो. ठेव संपली की चाकोऱ्या आणि भेगा दिसायला लागतात. म्हणूनच रस्ता बरेच दिवस 'चांगला' दिसतो आणि मग एका हंगामात एकदम 'गेला' असे वाटते. तो एका हंगामात जात नाही, आत आतून आधीपासून चाललेला असतो.

आपल्या आयआरसीचे गणित

भारतात यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे 'आयआरसी ३७' वापरतात. त्यात ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे ८.१६ टनांचा, दोन्ही बाजूंना जोडचाके असलेला एक ॲक्सल प्रमाण मानला आहे. त्याला स्टँडर्ड ॲक्सल म्हणतात. रस्त्यावरची प्रत्येक गाडी 'इतक्या स्टँडर्ड ॲक्सलच्या बरोबरीची' अशी मोजायची. त्या आकड्याचे नाव व्हेइकल डॅमेज फॅक्टर, थोडक्यात व्हीडीएफ.

सूत्र सोपे आहे. ॲक्सलवरचा भार किलोन्यूटनमध्ये घ्या. जोडचाकांचा एकेरी ॲक्सल असेल तर ८० ने भागा, दोन्ही बाजूंना एकेकच चाक असेल तर ६५ ने, जोडचाकांचा टँडम असेल तर १४८ ने, आणि ट्रायडेम असेल तर २२४ ने. आलेल्या उत्तराचा चौथा घात करा आणि सगळ्या ॲक्सलची बेरीज घ्या.

६५ आणि ८० मधला फरक नीट बघा. तेच वजन दोन चाकांवर टेकले तर रस्त्याला जास्त टोचते, चार चाकांवर टेकले तर कमी. जाड सोलची चप्पल आणि टाचेचा सँडल, हाच फरक.

आता दोन उदाहरणे करू.

एक. दोन ॲक्सलच्या ट्रकला पूर्वी पुढे ६ टन आणि मागे १०.२ टन, असे एकूण १६.२ टन कायद्याने चालत. १६ जुलै २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने ही मर्यादा पुढे ७ आणि मागे ११.५, एकूण १८.५ टन केली. वजन वाढले १४ टक्के. व्हीडीएफ काढला तर जुन्या मर्यादेला ३.१२ येतो आणि नव्या मर्यादेला ५.२०. म्हणजे रस्त्याचे नुकसान वाढले सुमारे ६७ टक्के. मालवाहतूक स्वस्त झाली हे खरे, पण बिलाचा दुसरा भाग रस्त्याच्या नावावर गेला.

दोन. १.२ टनांची साधी कार घ्या, दोन्ही ॲक्सलवर ०.६ टन. तिचा व्हीडीएफ येतो ०.०००१३. भागाकार केला तर नियमात बसणारा एक भरलेला ट्रक सुमारे ३८ ते ३९ हजार कारइतका रस्ता झिजवतो! पहिल्यांदा हे उत्तर आले तेव्हा मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला. म्हणून तर आपण डिझाइनमध्ये कार, रिक्षा आणि मोटारसायकली मोजतच नाही, फक्त व्यावसायिक वाहने मोजतो.

आता उसाची ट्रॉली

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याच्या एका बाजूला सातपुडा आणि मधून तापी. सातपुड्यात धडगावकडे घाटाचे रस्ते, आणि खाली शहादा-तळोद्याच्या बाजूला काळीभोर सपाट जमीन. काळी माती उसाला, कापसाला, केळीला उत्तम आणि रस्त्याला शत्रू. पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. भिजवल्यावर तिचा सीबीआर साधारण ३ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मिळतो. त्यातून रस्त्याला लागून पाटाचे पाणी खेळत असेल तर कडा कायम ओल्याच.

अशा रस्त्यावरून उसाची वाहतूक होते ती बहुतेक ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांनी. घरी आप्पांकडे वजनकाट्याच्या पावत्यांचा गठ्ठा दोरीने बांधून ठेवलेला होता. प्रत्येक पावतीवर भरलेले वजन, रिकामे वजन आणि निव्वळ ऊस. मी तो गठ्ठा सोडला आणि मला जाणवले की जी माहिती मिळवायला आपण ॲक्सल लोड सर्व्हे करतो, तिचा मोठा भाग इथे खोलीच्या कोपऱ्यात पडून आहे. ॲक्सलनिहाय वजन नसले तरी एकूण वजन आहे, आणि ट्रॉलीत ते दोन ॲक्सलवर जवळजवळ सारखे वाटले जाते असे धरता येते.

खालचे आकडे समजण्यासाठी गोल करून घेतले आहेत. ते कोणत्याही एका कारखान्याचे किंवा रस्त्याचे नाहीत.

मापात भरलेली ट्रॉली: ऊस १० टन, स्वतःचे वजन २ टन. दोन ॲक्सल, प्रत्येकी ६ टन, एकेरी चाके. दोन ट्रॉल्यांचा मिळून व्हीडीएफ २.६९, ऊस २० टन. (ट्रॅक्टरचा स्वतःचा वाटा इतका किरकोळ येतो की सोडून दिला.)

चेपून भरलेली ट्रॉली: ऊस १३ टन. प्रत्येक ॲक्सलवर ७.५ टन. दोन ट्रॉल्यांचा व्हीडीएफ ६.५७, ऊस २६ टन.

ऊस वाढला ३० टक्के, झीज वाढली जवळजवळ अडीच पट.

हे मी आमच्या ट्रॅक्टरवाल्या दादाला सांगितले तर तो हसला. म्हणाला, "पण भाऊ, खेपा किती वाचतात ते बघ ना! कमी खेपा म्हणजे रस्त्यालाच आराम." मुद्दा बिनतोड वाटला, म्हणून तोही करून पाहिला. २६० टन ऊस न्यायचा आहे. मापात भरले तर १३ खेपा, चेपून भरले तर १० खेपा.

१३ खेपा गुणिले २.६९ = ३५ स्टँडर्ड ॲक्सल.
१० खेपा गुणिले ६.५७ = ६५.७ स्टँडर्ड ॲक्सल.

तीन खेपा वाचल्या, पण रस्ता जवळजवळ दुप्पट झिजला. चौथ्या घातापुढे खेपांची बचत टिकत नाही.

झिजेची किंमत कशी काढायची?

पायरी १. रस्ता किती स्टँडर्ड ॲक्सलसाठी बांधला ते पहा. ग्रामीण रस्त्यांसाठी 'आयआरसी एसपी ७२' आहे. २००७ च्या आवृत्तीत वाहतुकीचे टी-१ ते टी-७ असे गट केले आहेत, १० हजार स्टँडर्ड ॲक्सलपासून १० लाखांपर्यंत. आपण टी-३ गटाचा रस्ता घेऊ. त्याची वरची मर्यादा १ लाख, तीही दहा वर्षांच्या आयुष्यात.

पायरी २. भाराशी संबंधित खर्च वेगळा काढा. नाल्या साफ करणे, झुडपे तोडणे, साइडपट्टी भरणे हा खर्च एकही गाडी गेली नाही तरी येतोच. आशोच्या पहिल्या लूपची आठवण ठेवा. भारामुळे जो मजबुतीकरणाचा खर्च येतो तेवढाच घ्या. समजा तो किलोमीटरला २० लाख रुपये आहे.

पायरी ३. भागाकार करा. २० लाख भागिले १ लाख = २० रुपये. एक स्टँडर्ड ॲक्सल एक किलोमीटर गेला की २० रुपयांचा रस्ता संपला.

पायरी ४. गाडीच्या व्हीडीएफने गुणा. मापातली जोडी किलोमीटरला सुमारे ५४ रुपयांचा रस्ता झिजवते, चेपलेली जोडी सुमारे १३१ रुपयांचा. टनामागे हिशेब केला तर २.६९ रुपये विरुद्ध ५.०५ रुपये. आमचा रस्ता सहा किलोमीटरचा, म्हणजे प्रत्येक जादा चेपलेल्या खेपेचा हिशेब टनाला १४ रुपयांनी वाढतो.

पायरी ५. हंगामाने गुणा. दिवसाला १,०४० टन ऊस या रस्त्याने जातो आणि हंगाम १२० दिवस चालतो असे धरू. मापात भरला तर ५२ जोड्या, हंगामात १६,७८६ स्टँडर्ड ॲक्सल. चेपून भरला तर ४० जोड्या, ३१,५३६ स्टँडर्ड ॲक्सल. पहिल्या पद्धतीत १ लाखाची ठेव सहा हंगाम पुरते, दुसऱ्या पद्धतीत तीन हंगाम आणि थोडे दिवस. फरकाची किंमत सहा किलोमीटरला हंगामी १७ लाख ७० हजार रुपये. आणि वाचलेल्या एकेका खेपेमागे गावाच्या रस्त्याचे सुमारे १,२३० रुपये.

तीन हंगाम! उत्तर लिहिले आणि पेन खाली ठेवला. आमचा रस्ता तीन वर्षांपूर्वीचाच होता.

आणखी एक गोष्ट. मापात भरूनही रस्ता सहाच हंगाम टिकतो, दहा नाही. म्हणजे चूक फक्त चेपून भरणाऱ्याची नाही, मोजणीचीही असू शकते. ऊस नसताना मे महिन्यात वाहने मोजली तर ट्रॉल्या दिसणारच नाहीत. एसपी ७२ मध्ये सुगीच्या दिवसांतली जादा वाहतूक धरण्याची वेगळी रीत दिली आहे, ती याचसाठी. वाहतूक मोजायला जाल तेव्हा गावकऱ्याला आधी विचारा, "हंगाम कधी असतो?"

या हिशेबाच्या मर्यादा

'चौथा' हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. रस्त्याचा प्रकार, जाडी आणि खालची माती यांप्रमाणे घात कमी-जास्त होतो. आयआरसी ३७ मध्ये भेगांसाठी ताणाचा घात ३.८९ आणि चाकोरी खचण्यासाठी ४.५३३७ धरला आहे. दोन्ही चारच्या आजूबाजूला आहेत, म्हणून अंदाजासाठी चार चालतो. शिवाय ओटावाची माती काळी नव्हती आणि तिथे उसाची ट्रॉलीही नव्हती.

दुसरी मर्यादा पाण्याची. भार आणि पाणी वेगवेगळे मोजले तरी ते हातात हात घालून काम करतात. ट्रॉलीने भेग पाडायची, पावसाने आत शिरायचे, पुढच्या ट्रॉलीने खड्डा करायचा. पाण्याचा निचरा नीट असेल तर त्याच भाराला रस्ता जास्त दिवस टिकतो.

तिसरे, खराब रस्त्यावर चालणाऱ्यांचा खर्च या हिशेबात आलाच नाही. टायर, स्प्रिंगपाटे, डिझेल, वेळ. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेचा १९८२ चा रोड युजर कॉस्ट स्टडी याच विषयावरचा आहे. बुडालेल्या प्रॅक्टिकलची किंमत मात्र कोणत्याच तक्त्यात सापडत नाही.

पैसे भरतो कोण?

हा प्रश्न जुना आहे आणि त्यात एका मराठी माणसाचे नाव आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर (पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू) यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. समितीने १९२८ मध्ये सुचवले की पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठी वापरावा. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस. सन २००० मध्ये या निधीसाठी कायदा झाला. जो रस्ता वापरतो त्याने इंधनातून पैसे भरावेत, ही कल्पना अजून तीच आहे.

कल्पना चांगली, पण चौथ्या घाताला ती पुरी पडत नाही. भार दुप्पट झाला तरी डिझेल काही सोळा पट लागत नाही, दुप्पटही लागत नाही. टोलचेही तसेच. २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांत मूळ दर कारला किलोमीटरला ६५ पैसे आणि ट्रक-बसला २ रुपये २० पैसे असा होता. म्हणजे साडेतीन पटीच्या आत, आणि झिजेचा फरक हजारो पटींचा. अर्थात हेही लक्षात ठेवायला हवे की रस्त्याची रुंदी, पूल आणि वळणे हा सगळा खर्च वजनाचा नसतो. जागा कारही अडवते. तरी गावाच्या रस्त्यावर टोलही नाही आणि काटाही नाही. तिथे बिल भरते ते गाव.

कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा भाराला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरवून घेण्याचीही तरतूद आहे. पण तोडणाऱ्या टोळीला मजुरी टनावर मिळते, वाहतूकवाल्याला भाडे टनावर मिळते, आणि आम्हा शेतकऱ्यांना ऊस वाळायच्या आत तोडून जायला हवा असतो. सगळ्यांचे हित 'अजून थोडा टाक' यातच आहे. रस्ता मात्र टनावर झिजत नाही, टनाच्या चौथ्या घातावर झिजतो. सगळी गोम इथे आहे.

आप्पांना दिलेले उत्तर

परत निघायच्या आदल्या रात्री मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हा हिशेब मोठ्या अक्षरात लिहिला आणि आप्पांना समजावला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पावसाने थोडा खाल्ला, मोजणाऱ्याने थोडा खाल्ला, आणि बाकीचा आपणच."

"हो," मी म्हणालो.

ते कॅलेंडर त्यांनी ग्रामसभेत नेले. तिथे वाद झाला, तो व्हायचाच होता. ट्रॅक्टरवाल्या दादाने सरळ विचारले, "मी कमी भरला तर माझ्या तीन खेपांचं डिझेल कोण देणार?" प्रश्न रास्त आहे. आप्पांनी उलट विचारले, "आणि बाराशे तीस रुपयांचा रस्ता कोण देणार?" निर्णय एवढाच झाला की या हंगामात ट्रॉली तक्त्याच्या वर भरायची नाही आणि गावाने रस्त्याकडेची नाली श्रमदानाने मोकळी करायची. किती टिकेल माहीत नाही. बस अजून फाट्यावरूनच फिरते. बहिणीला आम्ही सायकल घेऊन दिली आहे.

मित्रांनो, आपल्यापैकी अनेक जण अशाच गावांतून आलो आहोत. कोणाकडे ऊस, कोणाकडे वाळूचे डंपर, कोणाकडे खाणीचा दगड. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मोठी यंत्रे नसली तरी चालेल. वजनकाट्याच्या पावत्या, एक वही, एक टेप आणि हंगामातले सात दिवस पुरेत. आपल्या गावच्या रस्त्याचा एका स्टँडर्ड ॲक्सलचा दर काढा आणि तो घरी सांगा. गावाला स्वतःचा आकडा कळला, तर निदान पुढच्या वेळी नारळ फोडताना "हा कितीचा भार सोसेल?" असे कोणीतरी विचारेल.